रागावणारे डॉक्टर

शिंपीणबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा तीच कॉलर उसवली. हात मशीनवर होते, मन मात्र थाऱ्यावर नव्हतं.

नव्या दवाखान्यातली डॉक्टरीण काल फार गोड बोलली होती. "आजी, तुमच्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, म्हणून तुम्हीही तपासून घेतलंत तर बरं. परवा सकाळी या. पण जबरदस्ती नाही हं, तुमची इच्छा." आणि ती हसली. त्या हसण्यावरूनच बाईंनी ठरवून टाकलं, आपल्याला काही झालेलं नाही.

जन्मभर त्यांनी एकच डॉक्टर पाहिले होते, कोपऱ्यावरचे. खोकल्याचं औषध मागायला गेलं तरी ते आधी दंडाला पट्टा आवळायचे, मग असे खेकसायचे की बाकावरचे सगळे माना खाली घालत. "साखर कधी तपासलीत? आठवत नाही? गिऱ्हाइकांची मापं बरी आठवतात!" रस्त्यात गाठ पडली तरी सुटका नसे. त्यांच्या धाकानेच बाईंनी मीठ कमी केलं, दरवर्षी रक्त तपासलं. डॉक्टर ओरडले तर काळजी करायची, नाही ओरडले तर खुशाल झोपायचं, असा बाईंचा हिशेब.

मग आज जीव असा टांगणीला का लागावा? बहीणसुद्धा आजार कळेपर्यंत हसत म्हणायची, "मला कुठे काय झालंय?"

कात्री टाकून त्या उठल्या, त्या थेट जुन्या डॉक्टरांच्या घरी. दवाखाना बंद केल्यापासून ते कुंड्यांत रमले होते.

"डॉक्टर, मला रागवा."

"काय?"

"उद्या तपासणीला बोलावलंय. मी जात नाही म्हणतेय. रागवा ना!"

डॉक्टर हसले. "अहो, आता कुणावर रागवायचं? गेले ते दिवस. जशी तुमची मर्जी."

बाई मनात हिशेब जुळवू लागल्या. यांनी तर आपल्याकडे धड पाहिलंही नाही. मग नुसत्या गोड बोलण्याने आपण धडधाकट कशा ठरलो?

तेवढ्यात त्यांची नजर डॉक्टरांच्या पायाकडे गेली. अंगठ्याला कळकट चिंधी बांधलेली.

"हे काय?"

"किरकोळ आहे. चप्पल लागली."

"साखर कधी तपासलीत?"

डॉक्टर कुंडीतली सुकलेली पानं खुडू लागले.

"आठवत नाही? झाडांना पाणी घालायचं बरं आठवतं!" आवाज इतका चढला की शेजारची खिडकी उघडली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"मला विचारणारं कुणी उरलं नाही हो," ते पुटपुटले.

"उद्या तयार राहा. मी न्यायला येते."

सकाळी दोघं दवाखान्याच्या बाकावर बसली. डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते, बाई पिशवीचा बंद सोडत होत्या, बांधत होत्या. नर्सने दार उघडलं. "या आजी. घाबरू नका हं, सावकाश."

बाई उभ्या राहिल्या, पण पाय काही उचलेना.

"उभ्या काय राहिलात?" मागून जुना आवाज गरजला. "आत व्हा!"

बाकावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाई मुकाट्याने आत गेल्या.