खड्ड्यातली तालीम

"जेवायला वर येता, का खालीच देऊ?" पार्वतम्मानं खड्ड्याच्या काठावरून विचारलं.

खाली वीरप्पा मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅटिन पुस्तक.

लिंगायतांत माणूस मेला की त्याला खड्ड्यात बसवून समाधी देतात. उस्मानाबादच्या कचेरीत जन्मभर उर्दूत सरकारी कागदांच्या मिसली लिहिलेल्या वीरप्पांना निजामाच्या दवाखान्यात डॉक्टरनं दिल कमजोर असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आपल्या गावच्या, बेंबळीच्या शेतात समाधीची जागा आधीच खणून घेतली. सोलापूरच्या मिशन शाळेत शिकलेली लॅटिन पुन्हा उजळली. मरणाची रोज तालीम केली की भीती जाते, असं रोमच्या तत्त्वज्ञांनी लिहून ठेवलं होतं. वीरप्पा पडले हुकमाचे ताबेदार. रोज सकाळी शिडी लावून तालमीला उतरायचे.

गावानं हसून घेतलं. पार्वतम्माला मात्र हसू येत नव्हतं. जन्मभर कचेरीनं नेलेला नवरा आता कुठं घरी आला होता, तर त्याला या खड्ड्यानं नेलं. त्यांनी ओसरीवर बसावं, कालवणाला नावं ठेवावीत, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

आज तिनं भाकरी खाली दिलीच नाही. लुगडं सावरत स्वतःच उतरली. जागा एकाचीच, गुडघ्याला गुडघा लागला. वीरप्पा अवघडले. कित्येक वर्षांत ती इतकी जवळ बसली नव्हती.

पुस्तकात काय लिहिलंय, तिनं विचारलं. त्यांनी एक ओळ वाचून अर्थ सांगितला : निघालेल्या पाहुण्याला द्यावा, तसा जिवाला हसतमुखानं निरोप द्यावा.



"तुमच्या जिवाला तुमी द्याल हो," ती म्हणाली. "आन् मीच आधी गेले तर? मला द्याल का हसत?"

वीरप्पांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. स्वतःच्या मरणाचा त्यांनी सगळा अभ्यास केला होता. हिचं मरण कधी मनाला शिवलंच नव्हतं. त्यांना भीती वाटली. लई दिवसांनी.

"न्हाय," ते म्हणाले. "ते मला न्हाय जमायचं."

आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

बांधावरून गवताचा भारा घेऊन गावातली सीताबाई चालली होती. तिनं खाली पाहिलं. चारचौघांत बायकोचा हात धरायची गावात रीत नव्हती. पार्वतम्मा लाजून हात सोडवू लागली. वीरप्पांनी सोडला नाही.