सायकलच्या ट्यूबचा उस्ताद

नवऱ्याला मी घरात 'अहो' म्हणते. इथे मात्र नुसतं दिलीप म्हणणार, कारण अहोजाहो करावी असं त्याने काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा तिथे रस्ते आधी आले होते आणि माणसं मागून यायची होती. एवढे रुंद, रिकामे रस्ते पाहून मी माहेरून माझी सायकल मागवून घेतली. सांगलीत बाईमाणूस सायकलवरून गेलं तर कुत्रंही मान वर करत नाही. इथे आमच्या सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. 'साडी अडकत नाही का हो?' हा प्रश्न त्यांनी मला इतक्या वेळा विचारला की शेवटी मी 'अडकते, रोज पडते' असं सांगायला लागले. त्यांचं समाधान झालं.

मी पावण्याला एका डिंकाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. ठाणे-बेलापूर रस्त्याने सायकल हाणायची, डाव्या हाताला कारखान्यांचे वास, उजव्या हाताला ट्रक. त्या रस्त्यावर मी मोकळ्या गळ्याने गायची. ट्रकच्या आवाजात कोणाला काही ऐकू जात नाही आणि मधेच कोणी 'वा' म्हणत नाही, हा त्या रस्त्याचा मोठा गुण. ऐकायची ती एक रखमा. पावणे गावची, आमच्याच कारखान्यात झाडलोट करायची आणि त्याच रस्त्याने चालत यायची. तिच्याजवळून जाताना माझी तान अर्धी राहिली तर गेटवर गाठून म्हणायची, "बाय, आज गानं मधीच का तोरलंस? पुढचा आयकाचा व्हता माना." गाण्यातलं तिला काय कळत होतं मला माहीत नाही, पण कळतं असं तिने कधी सोंग आणलं नाही. एवढ्यावरच ती मला आवडायची.

बाकी आमच्या वसाहतीचा संगीताशी संबंध म्हणजे आनंदच होता. शेजारच्या घरात दुबईहून टू-इन-वन आला होता आणि तो घरात आहे हे खाडीपलीकडे कळावं म्हणून अखंड ढणढणत असायचा. सत्यनारायणाला लाउडस्पीकर, बारशाला लाउडस्पीकर. पण त्यांच्याबद्दल माझी खरी तक्रार नाही. त्यांना गोंगाट हवा होता आणि ते सरळ गोंगाट करत होते. मला चीड होती ती स्वरसाधक मंडळाची.

हे मंडळ दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरी भरायचं, कारण टेपरेकॉर्डर आमच्याकडे होता आणि चहा करणारी बाईही. सातआठ पुरुष सतरंजीवर बसून कॅसेट ऐकायचे. अध्यक्ष नंदकिशोर पाटणकर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे डोळे मिटून बसण्याची जुनी सवय. हात हवेत फिरवत ते दाद द्यायचे. समेवर कधी नाही, समेच्या जरा आधी नाहीतर बरीच नंतर, आणि तेही हमखास तबलजी जोरात वाजवेल तिथे. त्यांनी 'वा' म्हटलं की बाकीचे 'वा वा' म्हणायचे. गाणं संपलं की एकमेकांना हळूच विचारायचे, "कोण होतं हो हे?"

मंडळाचा पहिला वर्धापनदिन समाजमंदिरात करायचं ठरलं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "त्या दिवशी मी गाऊ का?" लग्नापर्यंत मी सांगलीत एका गुरुजींकडे ख्याल शिकले होते. लग्नानंतर माझा तानपुरा माळ्यावर गेला, गाद्यांच्या मागे. पुन्हा एकदा चारचौघांसमोर बसून गावं एवढीच माझी इच्छा होती, आणि ती मी मोठ्या कष्टाने तोंडातून काढली होती.

पाटणकर हसले. "वहिनी, मंडळ अभिजात आहे. भावगीतं आपण हळदीकुंकवाला ठेवू."

"मी ख्याल गाते."

"हो, हो. पण बायकी आवाजाला ती खोली नसते. गांभीर्य लागतं. आज चहात आलं छान पडलंय हं."

मी दिलीपकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता.

शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी दुपारी दिलीप ऑफिसला गेल्यावर मी तानपुरा माळ्यावरून उतरवला, तारा जुळवल्या, टेपरेकॉर्डर समोर ठेवला आणि भीमपलास गायले. आपल्या आवाजात खरंच खोली नाही का, ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. ऐकलं. होती. माझा आवाज मुळातच भरदार, जरा जाडसर आहे. कॅसेट मी दिलीपच्या कॅसेटींमागे ठेवून दिली, वर काही लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा तुटला. दुकानातून नवा आणायचा तर दिलीपच्या कर्तबगारीला कमीपणा आला असता. त्याने माझ्या सायकलची पंक्चरलेली जुनी ट्यूब घेतली, कात्रीने तिचं गोल कडं कापलं आणि पट्ट्याच्या जागी चढवलं. मशीन सुरू झालं. कडं ढिलं होतं, घसरायचं, त्यामुळे कॅसेट रेंगाळत चालायची आणि सगळे गवैये नुकतेच झोपेतून उठल्यासारखे गायला लागले. मी म्हटलं, "अहो, हे मंद चालतंय. सूर खाली आलाय सगळ्यांचा."

दिलीप म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

रविवारी पाटणकरांनी ते मरगळलेलं गाणं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "आता कुठे खरं गांभीर्य येतंय! रेडिओवाले वेळ वाचवायला पळवतात हो." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसले.

त्याच्या पुढच्या रविवारी दिलीपने चुकून माझी कॅसेट लावली.

मी ट्रे घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. आधी तानपुरा आला, जाड, घुमणारा. मग एका पुरुषाचा आवाज. पेटीच्या पांढरी चारात गाणारी मी काळी एकात, पुरुषांच्या पट्टीत, उतरले होते. पण जागा माझ्या होत्या. निषादावरून षड्जावर येताना मी जिथे थांबते, तिथेच तो पुरुष थांबत होता. खोलीत कोणी हलेना. पाटणकरांचा हातसुद्धा खाली आला होता.

कॅसेट संपल्यावर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दिलीप, हे कोण?"

दिलीपला काय ठाऊक? पण माहीत नाही म्हणणं मंडळाच्या रीतीत बसत नव्हतं. "मिरजेच्या काकांच्या संग्रहातली आहे," तो म्हणाला. "जुने उस्ताद. नाव कोणालाच माहीत नाही. कधी मैफल केली नाही म्हणे त्यांनी."

"धन्य!" पाटणकर म्हणाले. "हीच ती खोली. वर्धापनदिनाला हीच कॅसेट लावायची. आणि दिलीप, यंदा कार्यवाह तुम्ही."

चहा निवला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

सगळे गेल्यावर कपबशा विसळताना मी दिलीपला सांगितलं, "तो आवाज माझा आहे. शुक्रवारी गायले होते. तुमच्या ट्यूबच्या कड्याने मला उस्ताद केलं."

तो हसेल असं मला वाटलं होतं. नाही म्हणेल, चिडेल, निदान थक्क होईल. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला पटलं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मग म्हणाला, "हे पाटणकरांना सांगू नकोस."

"का?"

"अगं, काकांचं सांगून बसलोय मी. माझं हसं होईल. कशाला उगाच टेन्शन? तुझंच कौतुक चाललंय ना, मग झालं तर."

त्या क्षणी मला त्याचा जो तिटकारा आला तो आजही जसाच्या तसा आहे. खोटं बोलला त्याचा राग मी गिळला असता. पण माझं गाणं त्याला आवडलं होतं, ते माझं आहे हे कळलं होतं, आणि ते काकांच्या नावावर बरं दिसतंय असं त्याचं मत होतं.

वर्धापनदिन शुक्रवारीच होता. सकाळी दिलीप ऑफिसला गेला. मी सायकल काढली, तुर्भ्याला रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून मशीनचा अस्सल पट्टा आणला आणि घरी येऊन स्क्रू काढून बसवला. लावून पाहिलं. माझा आवाज माझ्या जागी परत आला होता. ट्यूबचं कडं पर्समध्ये टाकलं. मग तशीच पावण्याला जाऊन रखमाला म्हटलं, "संध्याकाळी गाणं ऐकायला ये."

समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पुरुष, मागे बायका. टेबलावर शाल, शालीवर टेपरेकॉर्डर, त्याला हार. पाटणकरांनी अज्ञात उस्तादांवर भाषण केलं. उस्तादांची तपश्चर्या, प्रसिद्धीपासून अलिप्तता, पौरुषाने भारलेला स्वर. दिलीप नवा झब्बा घालून बाजूला उभा होता. त्याने बटण दाबलं.

तानपुरा वाजला आणि पाठोपाठ माझा आवाज सभागृहात पसरला, बाईचा, धडधडीत.

पाटणकरांनी डोळे उघडले. पुढच्या रांगेत कुजबूज झाली. तेवढ्यात मागून रखमा ओरडली, "आगो, ही तं आमची सायकलवाली बाय! हा तिचाच गला हाय!" सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबून टेप बंद केला. "माफ करा," तो माईकवर म्हणाला, "मशीनमध्ये बिघाड आहे."

मी उठले. खुर्च्यांमधून पुढे गेले. पर्समधून ते काळं कडं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. माईक चालूच होता. "बिघाड सकाळी काढला मी," मी म्हटलं. "हे माझ्या सायकलच्या ट्यूबचं कडं. परत चढवा, म्हणजे काकांचे उस्ताद येतील."

आधी रखमा हसली. मग मागच्या सगळ्या रांगा. दिलीप मूठ मिटून बाजूच्या दाराने निघून गेला. त्याच्यामागे कोणी गेलं नाही. मीही नाही.

टेपरेकॉर्डर उचलून मी खाली ठेवला, शाल जमिनीवर अंथरली आणि बसले. तानपुरा घरी होता. नुसताच षड्ज लावला. आवाज पहिल्यांदा थोडा कापला, मग ठरला. जिथे दिलीपने बटण दाबलं होतं, तिथून पुढे गायला लागले. हॉल शांत झाला होता. मला रडू येत होतं, पण रडत गाता येत नाही, म्हणून गायले.

पुढच्या रांगेत पाटणकरांनी डोळे मिटले, हात हवेत उचलला आणि मोठ्याने 'वा' म्हटलं. चुकीच्याच जागी.