दहा मिनिटांची अट

आमच्या ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहेत, लग्न केलं नाही, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. महिन्यापूर्वी त्यांनी मला विचारलं, तुमच्या रविवारच्या सायकलिंगला मी आले तर चालेल का? मला मुळीच चालणार नव्हतं. आम्ही चौघं लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करत होतो: जवळजवळ चार किलोमीटर पोहणं, एकशेऐंशी किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. त्रेपन्न वर्षांच्या बाई त्यात आल्या की आमच्या वेगाचा बोऱ्या वाजणार. त्या सायकल चालवतात हे ठाऊक होतं, पण भाजी आणण्यापुरती, असं मी धरून चालले होते.

पण नणंदेला तोंडावर नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही. मग मी अट घातली. येत्या शनिवारी एक छोटी ट्रायथलॉन होती, साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. आमच्या सरावाच्या मानानं अगदी पोरखेळ. त्यात माझ्यामागून दहा मिनिटांच्या आत आलात तर गटात घेईन, म्हटलं. ताई "बरं" म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. त्यांच्या त्या "बरं"नं माझं डोकं फिरतं. त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

मी बस डेपोत वेळापत्रकं बसवते. नियोजनाचं मला कुणी शिकवू नये. शनिवारी मी जय्यत तयारीनं पोचले: दोन टॉवेल, मोजे, पायांना लावायची पावडर, सनस्क्रीन, दोन केळी, मिठाच्या गोळ्या, जादा टी-शर्ट. चौदा तास चालणाऱ्या स्पर्धेला जे जे लागतं ते सगळं. ताईंना सायकल लावायला लांबच्या टोकाची जागा मिळाली होती. त्यांनी जमिनीवर एक हिरवा कपडा पसरला आणि त्यावर हेल्मेट, बूट, नंबराचा पट्टा, पाण्याची बाटली ओळीनं मांडली. मग एकेका वस्तूवर बोट ठेवून मोजलं, डोळे मिटून हातानं चाचपून पाहिलं, आणि बूट दोन बोटं डावीकडे सरकवले. इथेही ऑपरेशनच करायचंय जणू, म्हणून मला हसू आलं.

पाण्यातून मी त्यांच्याआधी बाहेर आले, चांगली तीन मिनिटं. आणि सवयीनं खाली बसले. लांबच्या स्पर्धेत घाई करायची नसते, हे मी वर्षभर घोकलं होतं. पाय कोरडे केले, बोटांमध्ये पावडर लावली, मोजे सरळ केले, डोळे मिटून तोंडभर सनस्क्रीन चोपडलं. एक केळं नीट चावून खाल्लं. सात मिनिटं झाली होती. घड्याळ पाहून मला समाधानसुद्धा वाटलं. खरं सांगते.

सायकलच्या चार फेऱ्या होत्या. वाटेत ताई दिसल्या की धीराचे दोन शब्द बोलायचे, असं माझं ठरलं होतं. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, ताई कुठेच दिसेनात. वळणावर उभ्या असलेल्या मुलीला मी ओरडून विचारलं, पाण्यात कुणी राहिलंय का? ती म्हणाली, पाणी केव्हाच रिकामं झालं, एका बाईंना तेवढं होडीत घ्यावं लागलं.

माझं धाबं दणाणलं. कुणी सांगितलं होतं मला अट घालायला? घरी नवऱ्याला काय सांगणार होते, तुमच्या बहिणीची परीक्षा घेत होते म्हणून? चौथी फेरी कशी मारली ते आठवत नाही. सायकल जागेवर टाकून पळत सुटले, ते शर्यतीसाठी नव्हे, तर शेवटच्या रेषेपाशी डॉक्टरांचा तंबू होता म्हणून. पळायचा रस्ता पुढच्या खांबाला वळसा घालून परत त्याच वाटेनं यायचा होता. खांब अजून बराच लांब होता आणि समोरून, वळून परत येणाऱ्यांत, ताई आल्या. चेहरा लालबुंद, श्वास एका लयीत, नजर रस्त्यावर. माझ्याजवळून जाताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "खांदे सैल सोड."

जीव भांड्यात पडला. पुढच्याच क्षणी कळलं की मी हरतेय. मग मी जिवाच्या आकांतानं पळाले, आणि तरीही त्या माझ्याआधी चार मिनिटं पोचल्या. मी सनस्क्रीन लावत डोळे मिटून बसले होते, तेव्हाच त्या निघून गेल्या होत्या. पाण्यातून सायकलवर बसायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आधी राग आला, मग राग कुणाचा यायचा तेच कळेना. इतकं नेटकं काम मी आजवर कुणाचं पाहिलेलं नाही.

ताई हिरव्या कपड्यावरच्या वस्तू मोजून पिशवीत भरत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, एवढी तयारी कधी केलीत? त्या म्हणाल्या, "तुमच्याच रस्त्यानं मी सायकल चालवते, आठ महिने झाले, दर रविवारी. तुम्ही सहाला निघता, मी साडेपाचला. तुम्ही मागून येताय हे ठाऊक असलं की बरं वाटतं. पडले-बिडले रस्त्यात, तर अर्ध्या तासात घरचं माणूस येईल."

त्या आठ महिन्यांत आम्ही त्यांना एकदाही गाठलं नव्हतं. आणि जिला दहा मिनिटांची अट घातली, ती बाई इतके महिने माझ्या भरवशावर सायकल चालवत होती. मला लाज वाटली. मग गटात कशाला यायचं होतं, मी कसंबसं विचारलं.

"नव्वद किलोमीटर बोलायला कुणी नसतं गं."

उद्या आम्हीही साडेपाचला निघतो, मी म्हटलं. पण मी मागे पडले तर?

"थांबेन की," ताई म्हणाल्या.