वीस दिवसांची दुरुस्ती

मित्रांनो, मी एक जुनी सायकलची फ्रेम आहे, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण जुनं व्हायला आधी वापर व्हावा लागतो. मी जेमतेम चार वर्षांची आहे. पेणच्या खारेपाटात हिरामणच्या ट्रकच्या शेडमध्ये मला एका आकड्याला टांगून ठेवलंय. चाकं नाहीत, हँडल नाही, अंगावर धूळ आहे. येणारे-जाणारे विचारतात, "ही मोडकी कशाला ठेवली?" मी मोडकी नाही हो! पण ते सांगायला मला तोंड नाही, आणि माझ्या सगळ्या कहाणीचं दुःखही तेवढंच आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मी लोखंडाची नाही, कार्बनची आहे. केसाहून बारीक काळ्या धाग्यांचं कापड चिकट रसायनात भिजवतात, साच्यात त्याचे एकावर एक थर देतात आणि मग भट्टीत भाजतात. एका बाईने माझे सगळे थर स्वतःच्या हातांनी बसवले होते. माझं वजन एक किलोसुद्धा नाही. चढावरचा जोर, रस्त्यावरचे दणके, मी सगळं सोसते. फक्त कुणी बाजूने करकचून आवळलं तर माझा निभाव लागत नाही. लोखंडाला पोचा येतो, ते वाकतं, बघणाऱ्याला कळतं तरी. मी वरून जशीच्या तशी दिसते आणि आतून गेलेली असते.

मला घरी आणलं ते कल्पितासाठी. कल्पिता ही हिरामणची एकुलती एक लेक. अंगाने बारीक, बोलायला कमी आणि हट्टाला पक्की. पहाटेच्या उजेडात ती मला घेऊन निघायची ती पोयनाड मागे टाकून कार्लेखिंडीचा चढ चढायची, तिथून अलिबागपर्यंत जाऊन परत. घरी आल्यावर आधी मला पुसायची, मग स्वतः पाणी प्यायची. तिची आई कमळ ओट्यावरून ओरडायची, "भांडी पन अशीच घास गो कवातरी!" कल्पिता हसायची आणि माझी आडवी नळी आणखी एकदा पुसायची. तीन वर्षांत तिने सहा पदकं आणली. काय सांगू, तेव्हा माझी ऐट काही विचारू नका!

आणि हिरामण? तो बोलून चालून ट्रकवाला. त्याच्या गाडीतला माल हलत नाही, अशी वडखळपासून पनवेलपर्यंत ख्याती. पेणचे गणपती तो वर्षानुवर्षं मुंबईला पोचवतो, आणि आजवर एका मूर्तीचं बोट दुखावलेलं नाही. त्याचं गणित साधं होतं. मूर्ती मातीची, ती पेंढ्यात मोकळी बसवायची. यंत्र धातूचं, ते पट्ट्याने आवळायचं. बाकी कशातलं कळत नसलं तरी माल बांधण्यात तो कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. मला मात्र त्याने पहिल्या दिवसापासून यंत्रात धरलं, आणि तिथेच घात झाला.

ऑक्टोबरात माणगावला शर्यत होती. माणगावहून तळ्याला जायचं आणि परत. पोरीचे पाय वाटेतच थकू नयेत म्हणून हिरामणने मला ट्रकच्या हौद्यात घेतलं. फळीला टेकवून उभं केलं आणि माझ्या आडव्या नळीवरून खटक्याचा पट्टा टाकला, दर खटक्याला आणखी आवळत जाणारा. एक खटका, दोन खटके, तीन.

"बाबा, बास ना," कल्पिता म्हणाली.

"बास कसा? मुंबई-गोवा रस्ता हाय तो, पोरी. हलली तर घासंल. ट्रक माजा हाय का तुजा?" असं म्हणून त्याने आणखी दोन खटके मारले आणि प्रेमाने माझ्यावर थाप मारली.

पुढे खड्ड्यांचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला मी वर उसळायची आणि पट्टा मला खाली दाबायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कोलाड सोडलं आणि माझ्या आत कट्ट असा आवाज झाला. तो फक्त मी ऐकला. त्या दिवशी मी जीव मुठीत धरून धावले, मित्रांनो. तळ्याच्या उतारावर कल्पिता बेफाम सुटली होती आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, आज माझी लाज राख. ती पहिली आली. हिरामणने सगळ्यांना पेढे वाटले.

आठवड्याने मला धुताना तिच्या बोटाला रेघ लागली. नळीच्या बगलेला, केसाएवढी. तिने नखाने खरवडून पाहिलं, आणि ओल्या हातांनीच घरात कॅलेंडर बघायला धावली. कारण डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पुण्यात राज्य संघाची निवड होती. तेवीस वर्षांखालच्या गटातली तिची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय उलटणार. उसनी सायकल घ्यावी तर तिच्या मापाच्या ज्यांच्याकडे होत्या, त्या सगळ्या मुली स्वतःच निवडीला उतरणार होत्या.

पण मला वॉरंटी होती, पहिल्या मालकाला आयुष्यभराची! पनवेलच्या दुकानदाराने, विनेशने, फॉर्म पाठवला. कल्पिता ओट्यावर बसून भरू लागली. सायकल पडली होती का? नाही. धडक बसली होती का? नाही. वाहतुकीत बाहेरून दाब आला होता का? इथे तिचं पेन थांबलं.

"बाबा, आपल्या ट्रकमध्ये दाब आला असेल का हो?"

हिरामण खळखळून हसला. "माज्या गाडीन गनपतीचा नख तुटला नाय कवा! लिव, नाय म्हनून."

तिने लिहिलं, नाही. तिच्या लेखी तो प्रश्नच मिटला. बाबांनी बांधलं म्हणजे बांधलं. मी समोरच्या भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते. ओरडावंसं वाटलं, अगं, थांब! पण कसलं काय.

मला खोक्यात घालून कंपनीकडे पाठवलं. तिथे पांढऱ्याशुभ्र उजेडाखाली ठेवून माझे फोटो काढले, नळीतून बारीक कॅमेरा घातला. सहा आठवडे गेले. कल्पिताला दर सोमवारी तेच पत्र यायचं : आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. शेवटी निकाल आला. हा दोष बनावटीचा नाही, बाहेरून दाबल्याने तडा गेला आहे, आणि ग्राहकाने दिलेली माहिती आढळलेल्या खुणांशी जुळत नाही. क्लेम नामंजूर.

माहिती जुळत नाही म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळलं. कल्पिता खोटं बोलली, असं कंपनीचं म्हणणं होतं.

हिरामणचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो तडक पनवेलला विनेशच्या दुकानात आला. मी तोवर तिथे परत आले होते. "माजी पोर खोटा बोलत नाय! कोन हायत ते साहेब, मना नंबर दे!" असा त्याचा आवाज की रस्त्यावरची माणसं थांबली.

विनेश समजूतदार पोरगा. त्याने मला टेबलावर आडवी ठेवली, दिवा तिरका धरला आणि म्हणाला, "काका, जरा इथे बघा."

माझ्या नळीवर दोन बोटं रुंदीचा एक फिकट वळ होता. पट्ट्याची वीण त्यात स्पष्ट उमटली होती. हिरामणने त्यावर अंगठा ठेवला. वीस वर्षं तो पट्टा त्याच्या हातात होता, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. स्टूल ओढून तो खाली बसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बरी व्हईल का ही?" त्याने विचारलं.

"होईल की. पुण्याला कार्बनचं काम करणारा एक माणूस आहे. वीस दिवस घेतो, पण एकदम पक्कं करतो. आज तीस दिवस आहेत निवडीला. मात्र एक आहे, काका. एकदा दुरुस्ती केली की कंपनीशी भांडता येणार नाही. फेरविचाराचा अर्ज करायचा तर हिला हात लावायचा नाही. कल्पिता मला फोनवर म्हणाली की ती अर्जच करणार. तिला हा वळ दाखवू का?"

"नको," हिरामण घाईने म्हणाला. "मीच सांगतो."

परत येताना त्याच्याजवळ ट्रक नव्हता. एसटीत खिडकीशी बसून त्याने मला मांडीवर धरलं, उपरण्यात गुंडाळून. वडखळपर्यंत त्याचे ओठ हलत होते. कसं सांगायचं, त्याची तयारी चालली होती, हे मला समजलं. मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे.

घरी कल्पिता दारातच उभी होती. "काय म्हणाला विनेश?"

"बोलला, अर्ज कर," हिरामण म्हणाला. आणि पाय धुवायला मागे निघून गेला.

मित्रांनो, माणूस वाईट नव्हता हो. पण पोरीच्या डोळ्यांत आपल्यावरचा जो विश्वास होता, तो आपल्याच तोंडाने मोडायचा त्याला धीर झाला नाही. त्याने स्वतःला सांगितलं असेल, कंपनी मोठी आहे, होईल मंजूर, मग बोलायचं कशाला? रोज सकाळी ट्रक काढायच्या आधी तो शेडमध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, "आज सांगतो." मग म्हणाला, "उद्या जेवताना." जेवताना कमळ विचारायची, "तुमचा घास का अडतो हल्ली?" तो म्हणायचा, "मिरची लागली." मी दिवस मोजत होते. सत्तावीस उरले, पंचवीस, बावीस. अरे, सांग ना रे! वीस उरले. एकोणीस. त्या सकाळी तो आला नाही.

कल्पिताने अर्जात पानंच्या पानं लिहिली. शेवटी लिहिलं, "सायकल माझ्या वडिलांनी स्वतः बांधली होती. त्यांच्या हातून माल कधीही खराब झालेला नाही." ते वाक्य तिने हिरामणला मोठ्याने वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना, बाबा?" तो म्हणाला, "हा." मित्रांनो, त्या एका 'हा'चा मला अजून राग येतो.

निवडीला नऊ दिवस असताना उत्तर आलं. चार ओळींचं. पुन्हा नामंजूर, सोबत त्या वळाचा मोठा केलेला फोटो. कल्पिता मोबाईल घेऊन शेडमध्ये आली. फोटो बघायची, मग माझी नळी बघायची. हिरामण ट्रकखालून बाहेर आला, हात तेलाने माखलेले.

"बाबा, हे पट्ट्यासारखं दिसतंय," ती हळू म्हणाली.

"माजाच हाय तो," हिरामण म्हणाला. "माज्याच हातान झाला, बाय."

तिने मान डोलावली. मला वाटलं, आता ही त्याच्या गळ्यात पडेल. तशी ती निघालीही होती. बापाकडे एक पाऊल टाकलं आणि थांबली.

"तुम्हाला कधी कळलं?"

हिरामण खोटं बोलला असता तर तिला ते खरं वाटलं असतं. पण आता त्याला तेही जमेना. "पनवेलला. हिला आनली त्या दिशी. विनेश बोलला व्हता, पुन्याला वीस दिवसान व्हईल."

कल्पिताने बोटांवर मोजलं नाही, तिला मोजायची गरज नव्हती. "पट्ट्याचं मी विसरले असते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही जाणूनबुजून नव्हतं केलं. पण तीस दिवस होते हातात. तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात." एवढं बोलून ती घरात गेली. ती रडली नाही, भांडली नाही.

हिरामणने तरी हातपाय मारले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना! मला घेऊन तो रेवदंड्याला सदाकडे गेला. सदा फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. "तुज्या होडीवानी लेप मार रं हिला," हिरामण काकुळतीला आला होता. सदाने मला हातात फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "होडी फुटली तर माणूस पोहून किनारा गाठतो, हिरामण. ही उतारावर तुटली तर तुझी पोर काय करेल? मी नाय हात लावणार." हिरामण तिथेच वाळूत बसला.

निवडीचा रविवार आला आणि गेला. कल्पिता त्या दिवशी नेहमीच्या वेळेला उठली, नेहमीच्या वेळेला चहा घेतला आणि आईबरोबर वाल निवडत बसली. जानेवारीत तिने पनवेलला नोकरी धरली. आता ती तिथेच राहते. सणाला येते, बापाला नमस्कार करते, तब्येत विचारते. कुणी पाहुणाही एवढंच विचारतो. शेडकडे ती येत नाही.

फेब्रुवारीत हिरामणने मला पुण्याला नेलं. आता दुरुस्तीची कुणाला गरज होती, देव जाणे. पण त्याने नेलं. त्या कारागिराने माझा खराब भाग घासून काढला, नवे थर दिले, भाजलं, रंगवलं. जागा कुठली ते आता मलाही सापडत नाही. न्यायला आलेल्या हिरामणला तो हसत म्हणाला, "वीस दिवस सांगितले होते ना? काम सोपं होतं. अकरा दिवसांत झालं बघा."

हिरामणने पुन्हा विचारलं, "किती दिवसांत?"

"अकरा."

तो मला छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर तसाच उभा राहिला. अकरा दिवस! म्हणजे ज्या सकाळी एकोणीस उरले म्हणून त्याने माझ्याकडे यायचं सोडलं, त्या सकाळीसुद्धा वेळ गेली नव्हती. त्याच्यापुढे अजून आठ सकाळी होत्या, आणि त्यातली कुठलीही चालली असती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपून वापरा, बाजूने आवळू नका, बांधताना खाली जाड कापड घाला, हे तर आहेच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून कुणाचं काही मोडलं, तर त्याच दिवशी त्याला सांगा. शिव्या खा, मार खा, पण सांगा. आणि उशीर झाला असं वाटलं, तर त्या दिवशी तर नक्कीच सांगा. हिरामणला वाटलं होतं की आता उशीर झाला.