शेजारचं पांढरं छत

चिठ्ठी अपर्णाच्या नावाची निघाली आणि तिच्या टिनाच्या छताला पांढरा रंग लागला. शेजारच्या शेवंताचं टिन तसंच राहिलं. छतं रंगवून देणाऱ्या संस्थेच्या गंधाली मॅडमने दोन्ही घरांत तापमान नोंदवणारी एकेक डबी खिळ्याला टांगली. रंगाने घर किती थंड होतं, हे न रंगवलेल्या घराशी ताडूनच कळणार होतं. फरक दिसला तर पावसाआधी सगळी गल्ली रंगवायची होती.

दोन घरांत भिंत एकच. पूर्वी दुपारी अपर्णाही दारात येऊन पदराने वारा घ्यायची. आता तिकडून तिच्या नवऱ्याचं, यशदीपचं, घोरणं ऐकू यायचं.

शेवंताचा नवरा भैय्यालाल मिलमध्ये रात्रपाळीला असे. दिवसा त्याला झोप लागत नसे. एकदा यशदीपने हाक मारली, "भैया, इधर सो जाओ ना." संध्याकाळी भैय्यालाल ताजातवाना परतला.

"काय गार वाटते वं त्यायच्या घरी!"

"मंग तिथंच राहा," शेवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डबी खिळ्यावरून काढली आणि माठामागच्या ओल्या फडक्यावर ठेवली. घरातला तेवढाच कोपरा गार होता. मॅडम यायच्या दिवशी ती डबी पुसून परत टांगायची. अपर्णाचं घर निदान मोजमापात तरी सरस ठरू नये, एवढंच तिला हवं होतं.

महिन्याने गंधालीने दोन्ही डब्या लॅपटॉपला जोडल्या. काढून पुन्हा जोडल्या.

"रंग न लावलेलं घर जास्त थंड निघतंय."

"असं कसं होईन?" अपर्णा म्हणाली. "मी तं त्या घरात राहून राहिली ना!"

"पांढरं दिसलं की तुले थंड वाटते," शेवंता म्हणाली. तिला बरं वाटलं, चांगलंच बरं.

गंधालीने लॅपटॉप मिटला. "मग रंग दुसऱ्या वस्तीला द्यावा लागेल. इथे तुमच्याच छतापासून सुरुवात करणार होतो, ताई."

आत भैय्यालालने कूस बदलली. बाज करकरली.

"अपर्णा, मॅडमसाठी चहा ठेव ना तू," शेवंता म्हणाली. अपर्णा जागची हलली नाही. शेवटी तिच्यासमोरच बोलावं लागलं.

"डबी माठामागं होती. मीच ठेवली."

"काहून वं दीदी?"



"पुन्हा महिनाभर मोजावं लागेल," गंधाली म्हणाली. "मध्येच पाऊस लागला, तर पुढच्या उन्हाळ्यात."

"हव. मोजा."

गंधाली गेली. डबी परत खिळ्यावर होती. दुपारी टिन तापलं, भिंतीपलीकडे घोरणं सुरू झालं. शेवंता उठून खिडकीशी गेली. ही बंद केली तर घर आणखी तापेल, फरक मोठा दिसेल. पल्ल्यावर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

मग तिने हात काढला आणि डबीखाली येऊन बसली. घोरणं चालूच होतं.