क्रांतीच्या मातीला

क्रांती अमेरिकेत वारली ती नव्व्याण्णव साली, साताऱ्यात गणपतीच्या मांडवांसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली होती त्या आठवड्यात. निरोप पाळकबंगल्याच्या फोनवर आला, कारण चर्चच्या आवारात दुसरा फोन नव्हता. पाळकीणबाई पदर सावरत चाळीकडे धावल्या. क्रांतीची आई शालूबाई दारात बसून मेथी निवडत होत्या. ऐकल्यावर हातातली जुडी त्यांनी शेवटच्या काडीपर्यंत निवडून संपवली, आणि मग त्यांना उठता येईना.

शालूबाईंचा जन्म मुलींच्या बोर्डिंगात भाकऱ्या थापण्यात गेला. नवरा, त्याला सगळे दादा म्हणत, शाळेत मास्तर होता. मुलीचं नाव क्रांती ठेवायची हौस त्याचीच. तो लवकर गेला. क्रांती नर्स झाली, मिरजेच्या तिमोथीशी तिनं लग्न केलं आणि दोघं अमेरिकेला गेली. तिथं एका सकाळी कामावर निघताना तिच्या डोक्यातली शीर फुटली. शालूबाईंकडे पासपोर्ट नव्हता. तो काढायचा तर पुण्याला अर्ज, मग पोलीस चौकशी, मग पुढचं सगळं. तिकडच्या लोकांनी थांबावं तरी किती? त्यांनी तिला तिथंच पुरलं.

समाचाराला येणाऱ्या बायका म्हणत, "रडा, शालूबाई, मोकळ्या व्हा." शालूबाई म्हणत, "मी तिच्या मातीला गेले न्हाई." दुसरं काही बोलतच नसत.

आपल्या ख्रिस्ती माणसांत शवपेटी कबरीत उतरली की पाळक बायबलचं वचन वाचतात, आणि पहिली मूठ घरच्या माणसाची पडते. मग बाकीच्यांची. ती पहिली माती लाकडावर पडते त्याचा एक आवाज होतो. तो आवाज ऐकला की माणूस गेलं हे अंगाला कळतं. तोवर नुसतं कानाला कळलेलं असतं. शालूबाईंनी सासऱ्याला माती दिली होती, दादांना दिली होती, पाळण्यातच गेलेल्या मुलालाही दिली होती. क्रांतीची मूठ तेवढी राहिली होती.

असे दोन महिने गेले आणि तिमोथीचा फोन आला. तिकडच्या चर्चनं क्रांतीच्या अंत्यविधीचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं आणि ते इंटरनेटवर ठेवलं होतं. जगात कुठूनही बघता येतं म्हणे.

शालूबाईंच्या बहिणीचा मुलगा शमुवेल सांगलीत कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. तो आला आणि म्हणाला, "मावशी, मी दाखवतो की. आपण स्मरणाची उपासना घेऊ. स्लाइड करतो, क्रांतीताईचे लहानपणापासूनचे फोटो, वचनं, आणि मधल्या स्लाइडवर तो व्हिडिओ. तिथं बटण दाबलं की थेट अमेरिकेतनं येणार."

"समदं दिसंल?"

"समदं."

"मातीबी?"

"आता मातीला गेल्यावर माती दिसणारच की, मावशी."

शमूनं सांगलीत सुरुवातीचा थोडा भाग बघितला होता. गाणी, भाषणं, फुलं. लाइन मंद होती म्हणून पुढचं त्यानं सोडून दिलं. चालतंय एवढं कळलं, त्याला पुरे होतं.

चर्चच्या पंच कमिटीत मात्र वादावादी झाली. सुभेदार लालासाहेब, फौजेतनं निवृत्त झालेले, मिशा अजून ताठ. ते म्हणाले, "वेदीच्या म्होरं कापड बांधून शिनेमा दावायचा? उद्या म्हणाल तिकीट ठेवा. पाळकसाहेब, ये नहीं चलेगा."

शालूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सुभेदार, तुमचं वडील कशानं ख्रिस्ती झालं? मडमसाहेब गावात कापड बांधून कंदिलाची चित्रं दावायची, त्येच बघून न्हवं?"

पंच खाली बघून हसले. गोष्ट खरी होती. शालूबाई लहान असताना मिशनच्या मडमसाहेब बैलगाडीतून मॅजिक लँटर्न घेऊन गावोगाव हिंडायच्या. चावडीच्या भिंतीवर धोतर ताणलं जायचं, दिव्याचा भपकारा यायचा, आणि पांढऱ्यावर येशू गाढवावर बसून यायचा. पुढच्या काचेच्या चित्रात तो क्रुसावर असायचा. बाया ऊर बडवून रडायच्या. कापडावरच्या माणसासाठी खरं रडता येतं हे शालूबाईंनी तेव्हाच बघितलं होतं, आणि म्हणूनच त्यांचा या गोष्टीवर विश्वास बसला.

लालासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बरं. पण गाणं-बिणं इंग्रजी आसंल तर आवाज कमी ठिवा."

सगळे गेल्यावर शालूबाईंनी पाळकांना गाठलं. "आवं पाळकसाहेब, एक इचारू? तिकडं माती देत्यात तवा मीबी हितं दिली तर?"

पाळक तरुण होते. त्यांनी जरा विचार केला. "कापडाखाली परात ठेवू. तिच्यात द्या. मग ती माती आपण कबरस्तानात नेऊ, दादांच्या शेजारी ठेवू."

"पर तिकडची पडंल तवाच. आदी न्हाई, मागनं न्हाई."

"हो. तेव्हाच."

शालूबाईंनी दादांच्या कबरीजवळची माती आणली. ती चाळणीनं चाळली, खडे वेचले, उन्हात दिली. शेजारीण म्हणाली, "शालूबाई, माती कुणी चाळतं व्हय?" त्या म्हणाल्या, "तिला खडा लागायला नको."

रविवारी शमू भाड्याचा प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटर जीपमध्ये घालून सांगलीहून आला. ऊन आत येतं म्हणून खिडक्यांना घोंगडी लावली. प्रभुभोजनाच्या टेबलावरची मोठी पांढरी चादर पाळकीणबाईंनी इस्त्री करून दिली, ती वेदीपुढे ताणली. फोनची वायर पाळकबंगल्याच्या खिडकीतून निघून जास्वंदीवरून, चर्चच्या पायऱ्यांवरून आत आली होती. इंटरनेटचं कनेक्शन सांगलीचं, म्हणून साताऱ्याहून एसटीडी लावायची. पाळकांची आई बयाबाई फोनजवळ राखणीला बसली होती. शमूनं तिला बजावलं होतं, "आजी, काही झालं तरी रिसिव्हर उचलायचा न्हाई."

"वाजला तर?"

"वाजणार न्हाई. गुंतलाय त्यो."

"कुणाबरं?"

"अमेरिकेबरं, आजी."

"मग मला बोलू द्या की," बयाबाई म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अशा दिवशीही माणूस हसतं.

चर्च भरलं. शालूबाई पहिल्या बाकावर बसल्या, पांढरं लुगडं नेसून. परात चादरीखाली होती. त्यांनी उपासना सुरू होतानाच माती मुठीत घेतली, मागून गडबड नको म्हणून.

स्लाइड सुरू झाल्या. क्रांती दोन वेण्यांची. क्रांती नाताळच्या नाटकात देवदूत झालेली, एक पंख खाली लोंबतोय. नर्सच्या टोपीतली क्रांती. प्रत्येक फोटोला बाकांतून हळू आवाज उठे. मग मधली स्लाइड आली: वर वचन, खाली एक काळी चौकट. शमूनं बटण दाबलं.

कॉम्प्युटरच्या पेटाऱ्यातून किर्रर्र आवाज झाला, शिट्टी वाजली, मग शांत. चौकट काळीच.

"येतंय," शमू म्हणाला. "लांबनं येतंय न्हवं."

पाळकांनी गीत सांगितलं. बाजाची पेटी वाजली, लोकांनी चार कडवी म्हटली. चौकट काळी. दुसरं गीत सांगितलं. त्याच्या तिसऱ्या कडव्याला चौकटीत चित्र आलं. एवढ्या मोठ्या चादरीवर ते जेमतेम उशीएवढं होतं, चौकोनी ठिपक्यांचं, माणसांना चेहरे नव्हते. गाणं विरून गेलं. सगळे पुढे वाकले.

एक गोरा पाळक बोलत होता. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. क्रांतीचं नाव त्यानं भलतंच घेतलं, पण शालूबाईंना कळलं. मग चित्र थांबलं. मग एकदम पुढे गेलं. आता सगळे बाहेर होते. हिरवंगार गवत, काळ्या कपड्यांतली माणसं. पाठमोरा तिमोथी. आणि पेटी. मोठी, चकचकीत, वर पांढरी फुलं.

शालूबाई उठल्या. परातीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला, चादरीवर त्यांची सावली पडून निम्मी पेटी झाकली गेली. शमूनं हळूच सांगितलं, "मावशी, जरा डावीकडं." त्या सरकल्या. मूठ परातीवर धरली.

चित्र थांबलं.

"थांबलंय फक्त," शमू म्हणाला. "पुढं येईल."

त्या तशाच उभ्या. धरून धरून हात खाली यायला लागला. पाळकीणबाई उठून त्यांच्या कोपराखाली हात देऊन उभ्या राहिल्या. बाजाच्या पेटीवाल्यानं काय वाजवावं न कळून एकच सूर धरून ठेवला. लालासाहेबांनी खाकरून पाहिलं.

मग चित्र हललं. माणसं एकेक करून पुढे आली, पेटीवर एकेक फूल ठेवलं, वळली. तिमोथीनं फूल ठेवलं, पेटीवर हात ठेवला. त्याला कुणीतरी खांद्याला धरून वळवलं. आणि सगळे चालायला लागले. हिरवळीवरून, लांब उभ्या असलेल्या मोटारींकडे. दारं उघडली, मिटली. पेटी तिथंच. जमिनीवर हिरवा गालिचा, त्यावर पेटी, तशीच वर, उजेडात, आणि जवळ कुणी नाही.

चौकट काळी झाली. खाली इंग्रजीत काही अक्षरं आली.

"संपलं," शमू म्हणाला, आणि लगेच त्याला आपण काय बोललो ते कळलं.

शालूबाईंनी मान वळवली. "माती?"

शमू बटणांवर वाकला.

"शमू, माती कुठाय? मदी गेली का काय? थांबलं हुतं तवा गेली आसंल. मागं घे."

"मावशी, मागं..." शमूनं बटणं दाबली. किर्र झालं, शिट्टी झाली. तो परत दाबू लागला. लाइन तुटली होती. त्यानं पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. घोंगड्यांच्या अंधारात त्याच्या कपाळावरचा घाम चमकत होता. "बहुतेक... बहुतेक त्यांनी शूटिंग तेवढंच केलंय, मावशी."

पाळक पुढे आले. हळू आवाजात म्हणाले, "शालूबाई, तुम्ही द्या. आपण इथं देऊ. देव बघतोय."

"कशी देऊ?" शालूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "पेटी वरच हाय की. वर आसताना माती कशी घालायची? कुनी उतरवलीच न्हाई तिला."

पाळकांनी हातातलं बायबल मिटलं. लालासाहेब उठले, पुढे येऊन शालूबाईंच्या शेजारी ताठ उभे राहिले. शेवटी पाळकांनी आशीर्वाद दिला आणि उपासना संपवली. लोक रिवाजाप्रमाणे हात मिळवून सलाम करायला ओळीनं आले. शालूबाईंचा उजवा हात मिटलेला, म्हणून त्यांनी सगळ्यांना डावा दिला.

नंतर मूठ तशीच मिटून त्यांनी पाळकबंगल्यात जाऊन फोन लावायला सांगितला. तिकडे रात्र होती. तिमोथी झोपेतून उठला.

"आई? काय झालं? बघितलं का?"

"बघितलं. लई लोक आलं हुतं. फुलं चांगली हुती." त्या थांबल्या. "तिमोथी, तिला खाली कुनी ठिवलं?"

"म्हणजे?"

"तुमी समदी गाडीत बसलासा. मग तिला कुनी उतरवलं? माती कुनी दिली?"

"इथं तसं नसतं, आई. सगळे गेल्यावर त्यांची माणसं येतात. मशीन असतं. आपल्याला थांबू देत नाहीत."

"तूबी न्हाई दिलीस?"

"मी विचारलं होतं, आई." त्याचा आवाज फुटला. "मला म्हणाले, फूल ठेवा. मला काही सुचत नव्हतं. ज्यानं त्यानं सांगितलं तसं करत गेलो. उद्या जातो. उद्या जाऊन देतो, तुमच्या नावानं."

"दे."

"पण... आता वर गवत लावलंय त्यांनी. वर काही टाकू देत नाहीत. मी विचारतो. विचारून बघतो."

शालूबाईंना त्याला रागवायचं होतं. दोन महिने त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं. पण तिकडे पोरगा घरात एकटा अंधारात बसून रडत होता आणि पाठीवर हात ठेवायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं, एवढंच त्यांना दिसत होतं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "इचारू नगंस. गवत चांगलं आसतंय. जेवलास का?"

तो काहीतरी म्हणाला.

"बरं," शालूबाई म्हणाल्या. "आन् दूध पीत जा रातीला. बरं. बरं."

त्या मान हलवत होत्या, मधूनच "बरं" म्हणत होत्या. बयाबाईनं पाळकीणबाईंकडे बघितलं. पाळकीणबाईंनी जवळ जाऊन रिसिव्हरला कान लावला. फोन केव्हाच कटला होता. त्यांनी तो शालूबाईंच्या डाव्या हातातून काढून घ्यायला हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.