दोन बोटं जास्तीचं कापड

पूर्वी अंतराळात जायचं तर सरकारच्या दारात जन्म काढावा लागे. मग ही खासगी कंपनी आली आणि तिने फाटकावरच लिहून टाकलं, ‘आकाश सगळ्यांचं’. तिथे अंतराळवीरांचे सूट शिवणाऱ्या शिंपीमास्तरांनी ते खरं मानलं. का मानू नये? चार वर्षं घाम गाळून त्यांच्याच लेकीला पहिल्या यानात जागा मिळाली होती. तिचा सूटही त्यांनीच शिवला होता.

सोमवारी मॅनेजरबाई शिवणखात्यात आल्या. लेकीचा सूट चाचपत त्यांनी विचारलं, “मास्तर, हा वाढवता येईल का हो? इंजिनिअर म्हणतात, अशक्य.”

इंजिनिअरांचं नाव निघालं की मास्तरांना चेव यायचा. “त्यांना काय कळतंय शिवणातलं? त्यांच्या आराखड्यात नसेल, पण प्रत्येक शिवणीत मी दोन बोटं कापड जास्तीचं सोडलंय. आठ दिवसांत वाढवून देतो.”

कशाला, हे विचारायचं भान या शहाण्याला राहिलं नाही.

“सुटले बाई,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “नवा शिवायला तीन महिने लागले असते.” मग खाली बघत त्यांनी सांगितलं. लेकीच्या जागी कंपनीत पैसा घातलेले एक जाडजूड गृहस्थ जाणार होते. सूट वाढला नसता तर नाइलाजाने तिलाच पाठवावं लागणार होतं.

मास्तरांनी सूट स्वतःकडे ओढून घेतला. “नाही जमायचं,” ते म्हणाले.

“आत्ताच तर म्हणालात. तुम्ही नाही केलंत तर बाहेरचा कारागीर आणू.”

बाहेरच्याच्या हातून एक टाका चुकला तर वर त्या गृहस्थांचा जीव जाणार, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी निमूटपणे उसवायला घेतलं.

दुपारी लेक धावत आली. “बाबा, माझी जागा काढून घेतायत. पण इंजिनिअर म्हणाले, सूट वाढतच नाही. म्हणजे मीच जाणार ना?”

“वाढतो,” मास्तर म्हणाले. “मी कापड सोडलं होतं.”

टेबलावरच्या उसवलेल्या शिवणीकडे ती बघत राहिली. “का?”

“तू अंगाने भरलीस तर काचू नये म्हणून.” एवढं बोलून म्हातारा ढसाढसा रडायला लागला.

ती रडली नाही. पाठीची शिवण लांबलचक, कापड जड, एकट्याला आवरेना. तिने स्टूल ओढून दुसरं टोक ताठ धरलं.

“शिवा,” ती म्हणाली. “आठच दिवस आहेत.”